खास खाद्यपदार्थ आणि भांड्यांचं छोटं दुकान : पैसा नेमका अडकतो कुठे?



मालसाठा, खेळतं भांडवल, ढोबळ नफा, उलाढाल हे शब्द आपण पाठ करतो, परीक्षेत व्याख्या लिहितो आणि निकाल लागला की विसरतो. आज हेच शब्द एका दुकानात नेऊन बघू. दुकान लहान आहे, जेमतेम अडीचशे चौरस फुटांचं. एका भिंतीला खास खाद्यपदार्थ, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'गॉरमे' म्हणतात तो माल. समोरच्या भिंतीला स्वयंपाकघरातल्या वस्तू : बिडाचा तवा, लोखंडी कढई, पितळी पातेली, खलबत्ता, चिनी मातीच्या बरण्या, चांगल्या सुऱ्या.

अशी दुकानं आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत, जिल्ह्याच्या गावांतही दिसू लागली आहेत. उत्साहाने निघतात, उद्घाटनाला गर्दी होते, फोटो छान येतात. आणि दोन वर्षांनी त्याच गाळ्यात मोबाईलचं दुकान असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गिऱ्हाईकच नाही हो." बऱ्याचदा ते खरं नसतं. गिऱ्हाईक असतं, वहीत नफाही असतो, फक्त गल्ल्यात पैसा नसतो. हे कसं होतं ते आज समजून घ्यायचं आहे.

किराण्यापेक्षा वेगळं काय?

किराणा दुकानदार साखर, तूरडाळ, चहा विकतो. या वस्तू का घ्यायच्या हे कुणाला सांगावं लागत नाही. खास मालाचं तसं नाही. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, सिंधुदुर्गातलं कोकम आगळ, वेंगुर्ल्याचा काजू. किंवा बाहेरून येणारं ऑलिव्ह तेल, पास्ता, वेगवेगळी चीज. हा माल किराणावाला ठेवत नाही, कारण घेणारे थोडे आणि विचारणारे जास्त. "साध्या मिरचीपेक्षा ही महाग का?" याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्यानेच हा माल ठेवावा. थोडक्यात, या दुकानात वस्तूबरोबर माहितीही विकली जाते, आणि माहितीचे वेगळे पैसे मिळत नाहीत. ते नफ्यातूनच निघायला हवेत.

वर सांगितलेल्या मालापैकी घनसाळ, भिवापुरी मिरची, वायगाव हळद, कोकम, वेंगुर्ला काजू यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १९९९ च्या कायद्यानुसार हे मानांकन त्या त्या भागातल्या मालालाच लागू होतं. दुसरीकडची हळद आणून पाकिटावर 'वायगाव' लिहिणं ही फसवणूक आहे. दुकानदाराने माल कुणाकडून घेतला याची पावती जपून ठेवावी आणि कुणी विचारलं तर बेधडक दाखवावी. या धंद्यात विश्वास एकदा गेला की दुसरं विकायला काही उरत नाही.

दोन भिंती, दोन घड्याळं

आता मुख्य मुद्दा. समोरासमोरच्या या दोन भिंतींवरचं घड्याळ वेगवेगळ्या वेगाने चालतं.

खाद्यपदार्थांच्या भिंतीवर प्रत्येक बरणीला मुदत आहे. माल जलद फिरतो, नफा कमी, आणि फिरला नाही तर कचऱ्यात जातो. भांड्यांच्या भिंतीवर मुदतच नाही. पितळी पातेलं पाच वर्षांनीही विकता येतं. नफा जास्त. म्हणून नवा दुकानदार काय म्हणतो? "भांडी बरी, खराब तर होत नाहीत!" इथेच फसगत सुरू होते. भांडं खराब होत नाही हे खरं, पण त्यात घातलेला पैसा तिथेच बसून राहतो.

आकड्यात बघा. समजा, लोणच्याची एक बरणी १५० रुपयांना घेतली, २०० ला विकली. नफा ५०. बरणी महिन्यात विकली जाते, त्याच १५० रुपयांत दुसरी येते. वर्षात बारा वेळा. म्हणजे १५० रुपयांनी वर्षभरात ६०० रुपये नफा आणला. एका रुपयाने चार रुपये.

आता एक तांब्याचं भांडं. खरेदी १,३००, विक्री २,०००. नफा ७००! बरणीचा ५० कुठे आणि हा ७०० कुठे. पण हे भांडं वर्षातून एकदाच विकलं गेलं, तर १,३०० रुपयांनी वर्षात ७०० आणले. एका रुपयाने साधारण ५४ पैसे.

वर्गात हे गणित झालं की कुणीतरी लगेच म्हणतं, "मग भांडी ठेवायचीच कशाला? सगळ्या बरण्याच ठेवू." थांबा. बरण्या कितीही ठेवल्या म्हणून तितक्या विकल्या जात नाहीत. गावात महिन्याला सात बरण्या खपत असतील तर सत्तर मांडून सत्तर खपणार नाहीत. शिवाय बिडाचा तवा बघायला आलेली बाई हातात तवा घेऊन दहा मिनिटं उभी राहते, बोलते, आणि जाताना हळदीचं पाकीट नेते. भांडी हवीतच. फक्त त्यांचं घड्याळ संथ आहे हे डोक्यात ठेवून ती किती घ्यायची हे ठरवायचं.

नफ्याची टक्केवारी : कशावर मोजता?

एक छोटी गोष्ट, पण इथे मोठमोठे चुकतात. ७५ ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर नफा किती टक्के? खरेदीवर मोजला तर ३३ टक्क्यांच्या थोडा वर, विक्रीवर मोजला तर २५. दोन्ही उत्तरं बरोबर, पण दुकान चालवताना विक्रीवरचा टक्का धरा, कारण भाडं विक्रीच्या पैशातून द्यायचं असतं. "मला २५ टक्के सुटले पाहिजेत" म्हणून कुणी खरेदीवर २५ टक्के चढवले, तर वस्तू ९३ रुपये ७५ पैशांना जाईल आणि विक्रीवर फक्त २० टक्के सुटतील. पाच टक्के कुठे गेले ते वर्षअखेरीपर्यंत कळणार नाही.

सवलतीचंही तसंच. २५ टक्के नफ्याच्या वस्तूवर '१० टक्के सूट' अशी पाटी लावली. १०० ची वस्तू ९० ला गेली, खरेदी ७५ च. नफा २५ वरून १५ वर आला. पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर सुमारे ६७ टक्के जास्त माल विकावा लागेल. पाटी लावायला एक मिनिट लागतं, हे गणित करायला दोन. आधी गणित करा.

रोजचा गल्ला किती हवा?

समजा आपलं दुकान सांगलीत आहे. महिन्याचं भाडं १८,०००, मदतनिसाचा पगार १२,०००, वीज आणि फ्रीज ४,०००, पिशव्या-फोन-रिक्षा-किरकोळ ४,०००. झाले ३८,०००. आणि दुकानदाराचं काय? तो सकाळी दहा ते रात्री नऊ उभा आहे. बरेच लोक आपली मजुरी धरतच नाहीत आणि "दुकान नफ्यात आहे" असं सांगतात. ते दुकान नफ्यात नाही, घरच्या माणसाच्या फुकट कष्टावर उभं आहे. म्हणून २२,००० त्याचे धरू. एकूण ६०,०००.

विक्रीपैकी ६० टक्के खाद्यपदार्थ (नफा २५ टक्के) आणि ४० टक्के भांडी (नफा ३५ टक्के) धरली, तर सरासरी नफा १५ अधिक १४, म्हणजे २९ टक्के. ६०,००० ला ०.२९ ने भागा. सुमारे २,०७,००० रुपयांची विक्री दरमहा हवी. महिन्याला २६ दिवस दुकान उघडं धरलं, तर दिवसाला जवळजवळ ८,०००. हा आपला ना-नफा-ना-तोटा बिंदू.

सरासरी बिल ३२० रुपयांचं धरलं तर दिवसाला २५ बिलं, महिन्याला ६५०. आता खरा प्रश्न असा की हे ६५० जण कोण? एक कुटुंब महिन्यातून दोनदा येत असेल, तर ३२५ कुटुंबं पुरतात. तेच कुटुंब तीन महिन्यांतून एकदा येत असेल, तर १,९५० कुटुंबं लागतील. सांगलीसारख्या गावात खास हळद-तांदूळ विकत घेणारी सव्वातीनशे कुटुंबं मिळणं शक्य आहे, दोन हजार मिळणं कठीण. आणि लोक महिन्यातून दोनदा येतात ते कशासाठी? तव्यासाठी नव्हे. तवा घेतला की वीस वर्षं बघायला नको. ते येतात लोणी, मसाला, पाव, चीज, तांदूळ यासाठी. भांड्यांवर नफा जास्त असला तरी उंबरा झिजवायला लावतो तो खाऊच.

स्कीमचा मोह

घाऊक व्यापाऱ्याचा माणूस येतो आणि म्हणतो, "शेठ, बारा बरण्या कशाला, छत्तीस घ्या. आठ टक्के कमी लावतो." १५० ची बरणी १३८ ला पडते. छत्तीस घेतल्या, हाताशी मुदत चार महिने, आणि महिन्याला विकल्या जातात सात. चार महिन्यांत अठ्ठावीस गेल्या. त्यांवर प्रत्येकी १२ रुपये, म्हणजे ३३६ रुपये वाचले. उरलेल्या आठ बरण्यांची मुदत संपली : ८ गुणिले १३८, म्हणजे १,१०४ रुपये पाण्यात. मुदत संपलेला माल विकणं हा गुन्हा आहे, त्यामुळे "खपवून टाकू" हा मार्ग बंद.

आणखी एक हिशेब लक्षात असू द्या. १५० रुपयांची एक बरणी फेकली, तर ती भरून काढायला तशाच तीन बरण्या विकाव्या लागतात. म्हणून नवा माल मागे आणि जुना पुढे, ही मांडणी रोज सकाळी करायची. आधी आलेला माल आधी जायला हवा. आपल्या पुस्तकातली 'प्रथम आवक, प्रथम जावक' पद्धत ती हीच. पुस्तकात ती मालसाठ्याचं मूल्य काढायला येते, इथे माल वाचवायला.

चाखायला देण्याचा खर्चही याच मापाने मोजा. चटणीची एक बरणी फोडून चमच्या-चमच्याने चाखवली, १५० गेले. त्यातून तीन बरण्या विकल्या तर फिटंफाट, चौथीपासून फायदा. मला विचाराल तर जाहिरातीच्या फलकापेक्षा हा खर्च कितीतरी चांगला, कारण चाखणारा माणूस समोर उभा असतो आणि त्याचा चेहरा वाचता येतो.

भांडं विकणाऱ्याला भांडं माहीत हवं

बिडाचा तवा नवा असताना त्यावर डोसा चिकटतो. तवा धुऊन, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून चांगला तापवायचा; असं काही वेळा केलं की तेलाचा थर तापून घट्ट बसतो आणि मग चिकटणं थांबतं. हे विकताना सांगितलं नाही, तर काकू तिसऱ्या दिवशी तवा परत घेऊन येतात, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. बीड कणखर दिसतं पण पडलं तर तडकतं, हेही सांगावं. चिंच-टोमॅटोची आमटी लोखंडी कढईत रात्रभर ठेवू नये, हेही.

पितळेच्या पातेल्याचं जास्त महत्त्वाचं. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. कल्हई म्हणजे आतून लावलेला कथलाचा थर. कथील साधारण २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही. कल्हई काही काळाने झिजते, परत लावावी लागते. आता विचार करा, तुमच्या गावात कल्हईवाला उरला आहे का? नसेल, तर पितळी पातेली विकून तुम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात एक अडचण बांधताय. हुशार दुकानदार महिन्यातून एकदा भांडी गोळा करून जिथे कारागीर आहे तिथे पाठवायची सोय करतो. त्यात सुटतं थोडंच, पण भांडं देताना एकदा आणि नेताना एकदा अशा गिऱ्हाइकाच्या दोन चकरा होतात. चकरा किती मोलाच्या हे आपण वर पाहिलंच.

पुण्यात कसब्यातली तांबट आळी आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत तांबाकाटा, नाशिकचा भांडी बाजार, या ठिकाणी एक दिवस नुसतं फिरून या. विकत काही घेऊ नका. एकाच मापाच्या पातेल्याचं वजन चार दुकानांत वेगवेगळं का, एवढं विचारा. पत्र्याची जाडी, घडणावळ, मोड हे शब्द तिथेच कळतील, पुस्तकात नाहीत.

तीन खरी दुकानं

हा धंदा फक्त आपल्याकडचा नाही. परदेशात त्याची तीन प्रसिद्ध उदाहरणं आहेत आणि तिन्हींतून वेगळं काही शिकता येतं, म्हणून जरा लांबचा फेरा मारू.

पहिलं, चक विल्यम्स. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा या छोट्या गावात घरबांधणी करणारा माणूस. १९५३ मध्ये पॅरिसला गेला आणि तिथली भांडी बघून हरखला. सोनोमातलं एक हार्डवेअरचं दुकान घेऊन १९५६ मध्ये त्याने तिथे फ्रेंच भांडी मांडली. दोन वर्षांनी दुकान सॅन फ्रान्सिस्कोला हलवलं. आजची विल्यम्स-सोनोमा ही मोठी कंपनी त्यातून उभी राहिली. लक्षात घ्या, दुकान हलवलं ते माल वाईट होता म्हणून नव्हे. संथ फिरणाऱ्या मालाला जास्त मोठी वस्ती लागते. लहान गावात गिऱ्हाइकांचा आकडा लवकर संपतो.

दुसरं, एलिझाबेथ डेव्हिड. इंग्लंडमधली मोठी पाककला-लेखिका. १९६५ मध्ये तिने भागीदारांसोबत लंडनमध्ये स्वयंपाकाच्या भांड्यांचं दुकान काढलं. काय ठेवायचं नाही याबद्दल ती फार काटेकोर होती. लसूण चेपायचं यंत्र आणि भिंतीवर लावायचं सुरीला धार करायचं यंत्र तिने दुकानात येऊच दिलं नाही. अशा नकारामुळे दुकानाला चेहरा मिळतो. "इथे आहे म्हणजे चांगलंच असणार" हे गिऱ्हाइकाच्या मनात बसतं. पण पुढे भागीदारांशी बिनसलं, १९७३ मध्ये ती बाहेर पडली, आणि दुकान मात्र तिच्याच नावाने चालू राहिलं. तिला ते अजिबात आवडलं नाही. बारावीच्या विद्यार्थ्यांनो, 'ख्याती'चं मूल्यांकन आणि 'भागीदाराची निवृत्ती' ही प्रकरणं कोरडी वाटतात ना? ती वाचताना हे दुकान आठवा. मैत्रिणीबरोबर किंवा भावाबरोबर दुकान काढणार असाल, तर नाव कुणाचं राहील हे भागीदारी करारनाम्यात पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

तिसरं उदाहरण आपल्या मुद्द्याच्या सर्वांत जवळचं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९७७ मध्ये डीन अँड डेलुका हे दुकान निघालं : खास खाद्यपदार्थ आणि त्यांच्याबरोबर भांडी. यातला जॉर्जिओ डेलुका पूर्वी शाळेत शिकवायचा, मग त्याने चीजचं दुकान काढलं होतं. (मास्तर लोकांना धंदा जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) नाव एवढं झालं की शाखा निघाल्या, परदेशातही गेल्या. २०१४ मध्ये थायलंडच्या एका कंपनीने ते विकत घेतलं. २०१९ मध्ये बातम्या यायला लागल्या की छोट्या पुरवठादारांची बिलं थकली आहेत. पाववाले, मिठाईवाले माल द्यायचे थांबले. फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. शाखा बंद झाल्या आणि २०२० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

देणी : आधी कुणाची?

डीन अँड डेलुका फार मोठी कंपनी होती, तिची कारणंही मोठी असतील. पण थकलेली बिलं आणि त्यामागून रिकाम्या फळ्या हा क्रम आपल्या अडीचशे चौरस फुटांतही तसाच घडतो. कसा ते बघा.

दिवाळीच्या आधी दुकानदाराने उत्साहात दीड लाखाची भांडी उधारीवर उचलली. ठोक व्यापाऱ्याने ४५ दिवसांची मुदत दिली. धनत्रयोदशीला पन्नास हजारांचा माल गेला, बाकीचा फळीवर. ४५ दिवस भरले, व्यापाऱ्याचा फोन आला. पैसे कुठून द्यायचे? गल्ल्यातून. गल्ल्यात कुणाचे पैसे आहेत? लोणचं, मसाले, कोकम विकून आलेले. ते भांडीवाल्याला गेले. आता मालवणहून आगळ पाठवणाऱ्या ताईंचे सहा हजार राहिले. "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की." पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा. ताई बचतगटाच्या, त्यांचं भांडवल तेवढंच. त्यांनी पुढचा माल दुसऱ्याला दिला. आगळाची फळी रिकामी झाली. आगळ न्यायला येणारं गिऱ्हाईक दोनदा हात हलवत परत गेलं, तिसऱ्यांदा आलंच नाही. त्याच्याबरोबर त्याची हळद आणि तांदूळही गेले. आणि भिंतीवर लाखभर रुपयांची भांडी चकाकत उभी आहेत! वहीत ती 'मालमत्ता' म्हणून दिसतात. ताळेबंद उत्तम आहे, फक्त भाडं द्यायला पैसे नाहीत.

म्हणून दोन भिंतींचे हिशेब वेगळे ठेवा. वही एक असू दे, रकाने दोन करा. आणि भांड्यांना एक नियम लावा : या महिन्यात जेवढ्या खरेदी-किमतीची भांडी विकली गेली, पुढच्या महिन्यात तेवढ्याच किमतीची घ्यायची. आपल्या उदाहरणात भांड्यांची विक्री ८२,८००. त्यातली खरेदी-किंमत ६५ टक्के, म्हणजे ५३,८२०. तेवढीच मर्यादा. सणाआधी ती वाढवायला हरकत नाही, पण वाढवलेली रक्कम सणानंतरच्या दोन महिन्यांत कमी खरेदी करून परत आणायची. प्रत्येक भांड्याच्या तळाला पेन्सिलीने आवक-तारीख लिहा. सहा महिने उलटलेली वस्तू दिसली की खरेदीच्या भावात काढा, कोणत्याही लाजेशिवाय. अडकलेले १,३०० रुपये सुटून बरण्यांत गेले की काय करतात ते आपण पाहिलंय.

छोट्या उत्पादकांच्या बाबतीत कायदाही आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असेल तर त्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ताई कोर्टात जाणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. तरीही त्यांचं बिल आधी द्या. भांडीवाला शंभर दुकानांना माल देतो, तुमचे सहा हजार त्याला जाणवणार नाहीत. ताईंच्या घरी त्यावर महिना चालतो.

सुरुवातीला हातात किती हवं? खाद्यपदार्थ महिनाभराचे (सुमारे ९३,०००), भांडी चार महिन्यांची (सुमारे २,१५,०००) आणि तीन महिन्यांचा खर्च (१,८०,०००). जवळपास पाच लाख. अनामत आणि फर्निचर वेगळं. सगळे पाच लाख मालात घालून पहिल्या दिवशी दुकान भरगच्च दाखवायचा मोह होतो. फळ्या थोड्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील, तिसऱ्या महिन्यातलं भाडं राहता कामा नये.

कागदपत्रं थोडक्यात

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ आकडी क्रमांक बिलावर छापावा लागतो. तयार पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा संपर्क हे सगळं आहे ना ते माल घेतानाच तपासा. तुम्ही स्वतः सुटा तांदूळ पाकिटात भरून विकलात, तर ही जबाबदारी तुमची होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी. कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना पुरते. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत.

जीएसटीचं मात्र नीट ऐका. आपल्या दुकानाची वर्षाची विक्री पंचवीस लाखांच्या आत आहे आणि महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे. म्हणून नोंदणी नको, असं वाटेल. पण सांगलीहून बेळगाव किती लांब? तिथल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाने फोन केला आणि तुम्ही करपात्र मालाचं पार्सल पाठवलंत, की ती आंतरराज्य विक्री झाली. तिथे ४० लाखांची मर्यादा कामाला येत नाही, नोंदणी आधी हवी. सीमेजवळच्या दुकानदारांनी हे विचारून घ्यावं.

आता हे सोडवा

जून महिना आहे. तुमच्याकडे १५,६०० रुपये मोकळे आहेत. तांब्याचा हंडा २,६०० ला मिळतो, ४,००० ला जातो. वर्षात सहा विकले जातात, त्यातले चार धनत्रयोदशीच्या आठवड्यात. व्यापारी म्हणतो, आत्ता सहा एकदम घ्या, २,४०० ला देतो. दुसरीकडे मधाची बाटली आहे : खरेदी २४०, विक्री ३२०, महिन्याला पंधरा जातात, मुदत अठरा महिने. आगळवाल्या ताईंचे ४,००० द्यायचे आहेत, बिल होऊन बारा दिवस झाले, लेखी करार नाही. हंडे किती घ्याल, कोणत्या महिन्यात? मध किती? आणि पहिल्या दिवशी त्या पैशातून सर्वांत आधी काय कराल? आकडेमोड वहीत करून आणा, नुसतं उत्तर नको. सोमवारी दोन गट करून बोलू : एक गट व्यापाऱ्याच्या बाजूने, एक दुकानदाराच्या.